निकालाच्या रात्रीनंतर

रावेरकडच्या एका गावातला नऊ वर्षांचा पोरगा. ग्रामपंचायतीचा निकाल लागला त्या रात्री गुलाल उधळत आलेल्या मिरवणुकीतून घरावर दगड पडले. दोन दिवसांनी बापाच्या बागेतली निसवलेली केळी कोयत्यानं कापलेली सापडली. हरलेलं पॅनल बापाचं, जिंकलेलं सख्ख्या चुलत्याचं, आणि दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माय त्याला जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली ती अंथरूण ओलं होतं म्हणून. आधी लघवी तपासून घेतली. जंतुसंसर्ग असेल तर नुसत्या समुपदेशनानं काय होणार? रिपोर्ट साफ होता. मग क्राइज-८ ही, भयंकर प्रसंगानंतर मुलाला होणारा त्रास मोजणारी प्रश्नावली भरली. आठ प्रश्न, प्रत्येकाला ०, १, ३ किंवा ५ गुण. बेरीज १७ किंवा जास्त आली तर मानसिक आघाताची सविस्तर तपासणी करायची. त्याची २८ आली. "फटाका वाजना का माले भेव वाटस," एवढंच तो आपणहून बोलला.

बाकीचं मातीनं सांगितलं. चिकणमातीत आइस्क्रीमच्या काड्या ओळीनं रोवायच्या, पट्टीनं सपासप आडव्या करायच्या, पुन्हा रोवायच्या. चेहऱ्यावर मजा नाही, खेळात बदल नाही. साधा खेळ पुढे सरकतो, आघाताचा खेळ एकाच जागी अडकतो. अशा वेळी "कोणी कापली?" विचारलं की मूल साक्षीदार बनतं. म्हणून फक्त "बागेत अजून कोण आहे?" असं विचारलं. बऱ्याच वेळानं त्यानं खोडांच्या बुडाशी मातीचे बारके गोळे लावले. पिलं, म्हणजे केळीच्या बुडातून फुटणारी नवी रोपं! मला आनंद झाला. पुढच्या भेटीत त्यानं पिलंही कापली.

त्याच भेटीत खालून वरात गेली आणि फटाक्यांची माळ लागली. पोरगा टेबलाखाली. त्याला बाहेर ओढलं नाही, "काही नाही रे" म्हटलं नाही. मीही जमिनीवर बसलो. पाय फरशीवर दाबायचे, तीन मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर. मग आवाज कुठला ते सांगितलं, आणि खिडकीतून बघायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं. त्यानं घोडा बघितला.

अपघातातून वाचलेल्या मुलाला "आता संपलं" म्हणता येतं. इथं म्हणता येत नाही, कारण दगड मारणारे रोज नळावर भेटतात. खोटा दिलासा मूल लगेच ओळखतं. म्हणून कागदावर दोन रकाने केले. वरात, गुलाल, डीजे हे आठवणीतल्या भीतीचे: त्यासाठी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक ठेवून सराव, बटण त्याच्याच हातात. रात्री दारावर थाप, ओट्यावर जमाव हे खऱ्या धोक्याचे: तिथं सराव करून भीती घालवायची नसते. कुठल्या खोलीत जायचं, ११२ कोण लावणार, हे ठरवायचं. त्या रात्रीची आठवण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगून घेणं मात्र धोका निवळेपर्यंत पुढे ढकललं.

मोठ्यांचं काम जास्त अवघड. बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला दगडफेकीचा व्हिडिओ दाखवायचा, म्हणजे पोराच्या कानावर ती रात्र रोज संध्याकाळी पडायची. केस चालू असल्यानं पुसून टाका म्हणणं बरोबर नव्हतं. पेनड्राइव्हवर घेऊन वकिलाकडे ठेवायला सांगितलं. चुलतभावाशी खेळू द्यावं का, यावर बाप अजून गप्प आहे. समेट घडवणं हे माझं काम नाही, पण त्या मैत्रीचा हिशेब पोराकडून मागू नका, एवढं सांगितलं.

मायला त्याला एकट्यालाच सुरतला मामाकडे धाडायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी पाहिलं होतं, की लहान मुलांना बॉम्बपेक्षा आईपासूनची ताटातूट जास्त मोडते. "ताई, पाठवायचं तर तुम्हीही जा," म्हटलं. विकास सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे. निकालाच्या आदल्या संध्याकाळच्या गाडीनं दोघं निघतील, असं त्याच कागदावर दुसऱ्या रकान्यात लिहून दिलं.