मोहरी पेरून जमिनीतलं तांबं निघतं का?

निफाड, दिंडोरी साइडला जुन्या द्राक्षबागा तुटल्या की तिथं टोमॅटो, कोथिंबीर, मेथी असं काहीबाही लागतं, आणि मग मला हमखास विचारलं जातं की जमिनीत साचलेले जड धातू मोहरी नाहीतर सूर्यफूल पेरून काढता येतात म्हणे, खरंय का? खरंय. मोहरीवर यासाठी जगभर अभ्यास झालाय, चेर्नोबिलजवळच्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफूल लावून पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढून घेतलं होतं, आणि २००१ मध्ये तर आर्सेनिक शोषून पानात साठवणारं एक नेचं सापडल्याचं जाहीर झालं. पण आपल्या बागेसाठी बियाणं आणायच्या आधी वहीपेन घेऊन बसा.

मी मामांसोबत तेच केलं. एक एकर, वरचा २० सेंटीमीटरचा थर, म्हणजे ढोबळमानाने १० लाख किलो माती. आता बोर्डो, म्हणजे बुरशीसाठी द्राक्षावर फवारतात ते मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. १ टक्क्याचं म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर ४ किलो मोरचूद, आणि मोरचुदात पाव हिस्सा तांबं असतं, म्हणजे एका फवारणीला एकरी १ किलो तांबं. आज ना उद्या ते बहुतेक सगळं मातीतच उतरतं, आणि तांबं कुजत नाही, उडून जात नाही. खरड छाटणी झाली की बोर्डो, गोड्या बहाराच्या छाटणीनंतर बोर्डो, शिवाय तांब्याची बाकीची औषधं, आणि हे बाग असेपर्यंत दरवर्षी.

आता मोहरी. पीक जोरदार आलं तर एकरी अडीच टन वाळलेला पालाकाड्या धरू, किलोमागे २० मिलिग्राम तांबं धरू, किती झालं? ५० ग्रॅम! एका फवारणीचं तांबं काढायला मोहरीची २० पिकं. मामा कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसले, मग म्हणाले, "अन् वीस वर्षांच्या फवारण्यांचं?" मला काही बोलताच येईना.

वर आपली माती काळी, चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या आसपास, ती तांबं घट्ट धरून ठेवते, मुळांना सहज सोडत नाही. बाहेरच्या देशात ते सुटं करायला ईडीटीए नावाचं रसायन घालून पाहिलंय, पण पिकाने ओढलं नाही तर ते पावसाच्या पाण्यासोबत खाली झिरपतं, आणि खाली आपल्या विहिरी आहेत, त्यामुळे हे आपल्याकडे कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उलट माती धरून ठेवतेय ते चांगलंच आहे, तिला शेणखत, कंपोस्ट देऊन अजून धरू द्या. जास्त तांब्याने गांडुळं मरतात, नव्या रोपांच्या मुळ्या आखूड राहतात, ते सेंद्रिय पदार्थाने बरंच सावरतं. आणि आजपासून बोर्डो मोजून मारा, युरोपात यावर मर्यादा आहे, हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो तांबं, त्याच्या पुढे नाही.

कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्यावर मोटर लावून भिजवलेल्या जमिनीचं दुखणं वेगळं आहे आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. तिथं कॅडमियम, निकेल, क्रोमियम, शिसं यातलं काहीही असू शकतं. शिसं पिकात फारसं चढत नाही पण कॅडमियम चढतं, आणि सगळ्यात जास्त पालेभाजीत, म्हणजे पालक, मेथी जी पहाटे मार्केटला जाते आणि दुपारी कुणाच्या तरी ताटात असते. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातातून लोकांच्या पोटात गेलं, हाडं ठिसूळ झाली, मूत्रपिंडं गेली, १९६८ मध्ये सरकारने ते मान्य केलं आणि शेवटी तिथल्या शेतांची माती बदलावी लागली. अशा जमिनीत आधी भाजी बंद करा. झेंडू लावा, एरंडी लावा, खाण्यात जाणार नाही आणि चार पैसेही मिळतील. यात जमीन लगेच साफ होत नाही, पण विष ताटात जायचं थांबतं, आणि शेतकरी वीस वर्षं रान पडीक ठेवू शकत नाही हे कुणीतरी समजून घ्यायला पाहिजे ना.

तरीही धातू काढायलाच म्हणून मोहरी पेरणार असाल तर कापलेलं सगळं शेताबाहेर गेलं पाहिजे. मामांचा पहिलाच प्रश्न होता, "पाला गायीला टाकू का?" नाही मामा. गायीला नाही, कंपोस्टला नाही, आणि रोटर मारून हिरवळीचं खत तर अजिबातच नाही, जे वर काढलं ते परत तिथंच जाईल. बांधावर जाळलंत तरी राख तिथंच राहते.

आणि माती तपासायला देताना नीट सांगा. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात, त्यात तांबं आहे पण ते पिकाला पुरतंय का एवढंच बघायला, मामा त्यांच्या पत्रिकेत तांब्यापुढे "पुरेसे" वाचून खूशच झाले होते. कॅडमियम, शिसं, क्रोमियम त्यात नसतातच. लॅबला एकूण तांबं आणि हे जड धातू वेगळे मागा, पैसे जास्त पडतील, म्हणून नाल्याकडच्या आणि विहिरीकडच्या वाफ्याचा एकेक नमुना दिलात तरी सुरुवातीला चालेल, फक्त दोन्ही एका पिशवीत मिसळू नका.