निळी भिंत

पुनावळ्याच्या नव्या फ्लॅटचा ताबा घेताना आम्ही दोघांनी दीड तास घालवला. नळ सोडून पाहिले, फ्लश ओढले, खिडक्या पुढेमागे सरकवल्या, नाणं वाजवत टाइल्स पोकळ आहेत का ते ऐकलं. भिंतींकडे मात्र फक्त बघितलं. पांढऱ्या होत्या, सरळ होत्या. यादीत 'भिंती – ठीक' असं मीच लिहिलं.

अकरा वर्षं भाड्याच्या घरांत क्रीम आणि ऑफ व्हाइट बघून काढल्यावर हॉलची एक तरी भिंत गडद निळी करायची, हे माझं ठरलेलं होतं. सोफ्यामागची भिंत, १४ फूट लांब आणि फॉल्स सीलिंगपर्यंत ९ फूट उंच. दुकानदाराने थोडी चकाकी असलेला रंग सुचवला, 'पुसता येतो' म्हणून. सीलिंगवाल्याने भिंतीला जवळजवळ चिकटूनच लांबलचक प्रोफाइल लाइट, म्हणजे पट्टीसारखा एलईडी दिवा, दिला, 'हॉटेलसारखा इफेक्ट येतो' म्हणून. दोघांचंही मी आनंदाने ऐकलं.

दिवसा भिंत सुरेख दिसली. संध्याकाळी साडेसातला नवऱ्याने प्रोफाइल लाइट लावला आणि आम्ही दोघं गप्प झालो. समोर पावसाळ्यानंतरचा रस्ता उभा केल्यासारखं दिसत होतं. पंख्याच्या आकाराचे थापीचे फराटे. साधारण पाच फुटांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला आडवा पट्टा. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक रुंद फुगवटा. वॉल लॅम्पसाठी आम्हीच झिरी मारून पाइप टाकले होते, त्या दोन झिऱ्या तर जखमेच्या व्रणासारख्या. स्विचबोर्डाच्या भोवती उशी.

नवरा म्हणाला, "दिवा बंद करू का?" पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे हाच उपाय चालला.

रंगारी दुसऱ्या दिवशी आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भिंत बिल्डरची, रंग माझा. रंगात काय चूक आहे ते दाखवा." चूक खरंच नव्हती. रंग सगळीकडे एकसारखा बसला होता, तेच तर दुखणं होतं. बिल्डरच्या ऑफिसातून एक तरुण इंजिनिअर आला, तो भर दुपारी. ट्यूबलाइटच्या उजेडात बघून म्हणाला, "मॅडम, एवढं तर असतंच." मी त्याला संध्याकाळी यायला सांगितलं, तो आला नाही. मग मी मेल लिहिला. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याच्या कलम १४(३) मध्ये ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनाशुल्क दुरुस्त करायचा आहे. उत्तर आलं की रंग तुम्ही बदललात, झिऱ्या तुम्ही मारल्यात. तरी सदिच्छा म्हणून एक गवंडी पाठवतो, फुगवट्यावर तो हात मारेल, रंगाचं तुमचं तुम्ही बघा. झिऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला भांडता आलं असतं, पण एका भिंतीसाठी तारखा मोजत बसायची माझी तयारी नव्हती. कुणाच्या घरात गळती असेल, भेग वाढत असेल, तर त्यांनी हे कलम सोडू नये. मी सोडलं.

त्यानंतरची चूक पूर्णपणे माझी. रंगाऱ्याला म्हटलं, जिथे जिथे दिसतंय तिथे तिथे लांबी (पुट्टी) भरा आणि उरलेल्या डब्यातून टचिंग करा. त्याने ते मन लावून केलं. खड्डे बऱ्यापैकी भरले, पण लांबीने रंग वेगळा ओढला आणि तेवढ्या जागा निस्तेज पडल्या. भोवती रोलरचा पोत, मध्ये ब्रशचे ओढे, आणि घासलेल्या लांबीची कडा दिव्याखाली उठून दिसणारी. आधी रस्ता होता, आता गोधडी झाली. लहान ठिगळाने मोठं ठिगळ लपत नाही हे शिवणकामात मला ठाऊक होतं. भिंतीच्या वेळी ते का सुचलं नाही कोण जाणे.

साताऱ्याहून सासरे आले तेव्हा या प्रकरणाला शिस्त लागली. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. चहा पिता पिता त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "पट्टी लावून बघितली का?" कुणीच बघितली नव्हती. ना बिल्डरने, ना रंगाऱ्याने, ना आम्ही. शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू होतं, तिथून सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी उसनी आणली. खोलीतले दिवे बंद, मोबाइलचा टॉर्च भिंतीला गाल लावून धरायचा. मी टॉर्च, बाबा पट्टी, नवरा पेन्सिल.

उभी पट्टी पाच फुटांच्या पट्ट्यावर ठेवली तर तिच्याखालून दोन रुपयांचं नाणं आरपार गेलं. बाबांनी कारणही सांगितलं. गिलावा करणारा घोड्यावर (उंच स्टँडवर) उभा राहून वरचा भाग करतो, मग उतरून खालचा. जिप्समचा माल अर्ध्या तासाच्या आत घट्ट होतो. खालचा माल कालवून येईपर्यंत वरचा बसलेला असतो, आणि सांधा पट्टीने ओढून घेतला नाही तर कायमचा राहतो. डाव्या फुगवट्यावर आडवी पट्टी ठेवली तर ती झोपाळ्यासारखी डुगडुगली. तिथे आत आरसीसीचा कॉलम आहे. भिंत ब्लॉकची, कॉलम तिच्यापेक्षा किंचित पुढे आलेला, आणि वरचा गिलावा त्याच्याच वळणाने निमूट गेलेला. "आमच्या वेळी गिलावा करायच्या आधी भिंतीवर ठिय्ये मारायचे, जाडीच्या खुणेसाठी मालाचे गोळे, ओळंबा लावून," असं म्हणून ते थोडा वेळ गप्प बसले. तासाभरात निळी भिंत पेन्सिलच्या गोलांनी आणि बाणांनी भरून गेली.

मग ही सगळी कर्मं पांढऱ्या रंगात का दिसली नाहीत? पांढरी भिंत आलेला बहुतेक उजेड खोलीत परत फेकते. तो छतावर, जमिनीवर, समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा येतो आणि लहान सावल्या पुसून टाकतो. गडद निळा तो बहुतेक गिळतोच. मग डोळ्याला उरते ती पृष्ठभागावरची चमक, आणि चमक आरशासारखी असते, जरा कुठे भिंत वाकली की तीही मोडते. त्यात आमचा दिवा. तो भिंतीपासून फक्त २ इंचांवर होता. त्याच्याखाली साडेचार फुटांवर, म्हणजे ५४ इंचांवर, २ मिलिमीटरचा कंगोरा असेल तर त्याची सावली किती? शाळेतला समरूप त्रिकोण: ५४ भागिले २ म्हणजे २७ पट, ५४ मिलिमीटर. दोन बोटांहून रुंद सावली! तोच दिवा १० इंचांवर असता तर सावली ११ मिलिमीटरची झाली असती. हा हिशोब मी वीजबिलाच्या मागे केला आणि ते बिल बरेच दिवस फ्रिजवर चिकटवून ठेवलं.

दुसरे रंगारी मिळाले ते बाबांच्या ओळखीतून. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी भिंत पाहिली, पेन्सिलच्या खुणा पाहिल्या, वर पाहिलं आणि म्हणाले, "ताई, आधी तुमचा दिवा ठरवा. मग मला बोलवा. दिवा हलवून नंतर रडायचं नाही." सीलिंग कापून दिवा १० इंचांवर घ्यायला इलेक्ट्रिशियनने साडेतीन हजार घेतले. पैसे सत्कारणी लागले असं मला ज्या खर्चाबद्दल वाटतं, तो हाच.

श्रावण चालू होता. मामा आणि त्यांचा पुतण्या सहा दिवस येतो म्हणाले, लागले नऊ, कारण हवेतल्या दमटपणाने थर वाळेना. मामांची पहिली अट म्हणजे ठिगळ नाही, अख्खी भिंत. आधी १०० नंबरच्या पॉलिश पेपरने निळ्या रंगाची सगळी चमक मारली, नाहीतर वरचं काहीच धरत नाही. ओल्या फडक्याने धूळ पुसली. झिऱ्या पुन्हा उकरल्या. आत इलेक्ट्रिशियनने घाईत सिमेंट कोंबलं होतं आणि ते कडेने सुटलं होतं. तिथे जिप्सम भरून वर जाळीची पट्टी चिकटवली. मग प्रायमर.

बिल्डरचा गवंडी फुगवटा छिन्नीने काढायला निघाला होता. मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "आत कॉलम आहे, किती छिलणार? फुगवटा काढत नाहीत, पसरवतात." त्यांनी फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन फुटांपर्यंत लांबी ओढत नेली. उंची तेवढीच राहिली, पण चढ इतका लांबला की डोळ्याला तो सापडेना. या एका वाक्यासाठी मी मामांना दुप्पट मजुरी दिली असती. (दिली नाही.)

लांबी त्यांनी अॅक्रिलिकची आणायला लावली. व्हाइट सिमेंटची पुट्टी जुन्या रंगावर धरत नाही, पापुद्र्यासारखी सुटते, असं त्यांचं म्हणणं. दोन फूट रुंद पत्र्याने, म्हणजे लांबी ओढायच्या पातीने, पहिला हात उभा मारला, दुसरा आडवा. आधीच्या रंगाऱ्याचा पत्रा तळहाताएवढा होता. तेवढ्या पत्र्याने खड्डा भरतो, भिंत सपाट होत नाही, कारण पत्रा स्वतःच खड्ड्यात उतरतो. दुसरा थर वाळल्यावर मामांनी माझ्या भाचीची पेन्सिल मागितली आणि पांढऱ्या भिंतीभर तिरप्या रेघा ओढल्या. भाचीला आजवर ज्या गोष्टीसाठी ओरडा बसला होता, ती एक आजोबा सर्वांदेखत करत होते. लाकडी ठोकळ्याला १८० नंबरचा पेपर गुंडाळून घासायला सुरुवात केली. उंच जागेवरच्या रेघा गेल्या, खोलगट जागेच्या तशाच राहिल्या. उरलेल्या रेघांवर पुन्हा लांबी. घासकाम रात्री, खोली अंधारी करून, एलईडी दिवा बाजूने धरून. आम्ही हॉलच्या दाराला साडी लावली होती, तरी पिठासारखी धूळ डाळीच्या डब्यापर्यंत पोचली.

त्याच दिवसांत न्यू जर्सीच्या मावसभावाचा फोन आला. त्याच्याकडे भिंती जिप्सम बोर्डाच्या, आणि तिथे त्यांच्या फिनिशला ० ते ५ अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. गडद किंवा चकाकता रंग असेल, वा भिंतीलगत दिवा असेल, तर पाचवी पायरी, म्हणजे अख्ख्या भिंतीवर पातळ थर. मी हे मामांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "मग मी सोमवारपासून काय करतोय?"

शेवटी पुन्हा प्रायमर, या वेळी राखाडी छटेचा, म्हणजे निळ्याखालून पांढरं डोकावत नाही. प्रायमर वाळल्यावर चार जागा पुन्हा दिसल्या. लांबी, घासणं, त्या जागी परत प्रायमर. रंग तोच निळा, पण पूर्ण मॅट. तीन हात लागले. प्रत्येक हात एका दमात, पुतण्या ब्रशने कडा रंगवत पुढे आणि मामा रोलर घेऊन मागे, ओल्या कडेवर ओली कड. पंखा बंद. मध्ये चहा विचारायचा नाही, असं मला बजावलं होतं. मी एकदा विसरून विचारला तर मामांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मजुरी बारा हजार, सामान सव्वाचार हजार, दिव्याचे वेगळे. एका भिंतीचे जवळपास वीस हजार. मॅट रंगाचा त्रासही आहे. नख लागलं तर पांढरी रेघ उमटते, डाग जोरात पुसला तर तेवढीच जागा चमकू लागते. सोफा चार इंच पुढे ओढून ठेवलाय, म्हणजे पाहुण्यांची डोकी टेकत नाहीत. बेडरूमची एक भिंत बाटली हिरवी करायची होती. ती पांढरीच ठेवली.

कॉलमचा फुगवटा अर्थातच तिथेच आहे. खिडकीचा पडदा त्याच्यावरूनच जातो. बाबा साताऱ्याहून आले की चप्पल काढतात, पडदा सरकवतात, भिंतीला गाल लावून एक डोळा मिटून बघतात आणि मगच पाणी मागतात.