वाई-मेणवलीच्या घाटावर ६ बाय ८ इंचाचे बोर्ड घेऊन

वाईला ऑईल कलरमध्ये आउटडोअर चित्रं करायची असतील तर थंडीत जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि शनिवार-रविवार टाळा. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारी सगळी गर्दी वाईवरूनच वर चढते, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघालात तर खंबाटकी घाटातच रात्र होते आणि वाईत कृष्णेच्या घाटावरही मग फोटो काढणारेच जास्त दिसतात, कामाची माणसं कमी. आम्ही, म्हणजे मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, सोमवारी सकाळी स्वारगेटहून एसटीनं गेलो. पुण्याहून साधारण नव्वद किलोमीटर, सुरूर फाट्याला हायवे सोडायचा की वाई आलंच. स्वतःची गाडी असली तर सामान न्यायला बरं पण गावात गाडी लागत नाही, घाट सगळे पायी फिरण्यासारखे आहेत, मेणवलीला रिक्षा मिळते.

वाईत बहुतेक चित्रकार जातात ते वॉटरकलर घेऊन. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आणि पुण्याच्या मुलांच्या लँडस्केपच्या ट्रिपा इथे कायम येतात, घाटावरच्या लोकांना चित्रकार नवीन नाही. पण ऑईल घेऊन फारसं कोणी बसत नाही कारण पसारा फार, वाळायला वेळ, घरी न्यायची भीती. मी गेली बरीच वर्षं बाहेर ऑईलच करतेय, आणि फक्त छोटे बोर्ड, ६ बाय ८ इंच, फार तर ८ बाय १०. त्याचं कारण सांगते, कारण या ट्रिपचा सगळा कार्यक्रम मी त्यावरच आखला होता.

घाटावर धुणं धुवायला आलेल्या बाईला एक बादली कपडे धुऊन, पिळून, पायऱ्यांवर वाळत टाकून निघायला पाऊण तास लागतो. मला ६ बाय ८ चा बोर्ड पुरा करायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तिचं काम आणि माझं काम बरोबर सुरू होतं, बरोबर संपतं. मोठा कॅनव्हास लावला की माणसं निघून जातात, मग घाट तेवढा उरतो आणि माणसं नंतर फोटोवरून आत घालायची, आणि ती घातलेली दिसतात. छोट्या बोर्डात माणूस अर्ध्या पाऊण इंचाचा, त्याला नाकडोळे नसतातच, पण तो वाकलाय कसा, वजन कुठल्या पायावर आहे, ओला पदर कमरेला कसा खोचलाय हे तीन-चार फटकाऱ्यांत खरं येतं, कारण तो समोर असतो. मला रोजच्या जगण्याचं चित्र हवंय आणि ते त्या रोजच्या कामाला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळातच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून जागा शोधताना देऊळ छान दिसतंय का हे बघू नका, तिथे कोण येतं, कधी येतं, किती वेळ थांबतं हे बघा. पहिल्या संध्याकाळी रंगाची पेटी उघडायचीच नाही, नुसतं गणपती आळीपासून दोन्ही बाजूंनी घाट चालून यायचं, चहा प्यायचा, विचारायचं. सकाळी ऊन कुठल्या पायरीवर आधी येतं हेही चहावाल्याला बरोबर माहीत असतं कारण थंडीत तो स्वतः तिथे उभा राहतो.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी दुभंगून बाजूनी जावं म्हणून. हे पुस्तकात वाचलं होतं, पण चित्र काढताना त्याचा खरा उपयोग झाला, कारण त्या निमुळत्या आकारामुळे उन्हातली बाजू आणि सावलीतली बाजू यांच्यात कडक रेघ पडत नाही, ऊन हळूहळू वळत जातं आणि ते वळण दाखवायला पाच-सहा वेगवेगळे करडे लागतात. शेजारी काशीविश्वेश्वर आहे, त्याच्या दीपमाळा सगळे जण काढतात, काढाव्यातही, पण मी दोन्ही सकाळी त्यांना पाठ करून खाली पाण्याजवळ बसले.

काळ्या दगडाबद्दल एक सांगायचंय. आपल्याकडचा बेसॉल्ट काळा म्हणून ट्यूबमधला काळा लावला की चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. सावलीतला दगड अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, त्यात जरासा पांढरा, यातून होतो, आणि सकाळी सातच्या सुमाराला त्यात किंचित गडद लाल अलिझरिन टाकावा लागतो कारण तेव्हा सावल्या खरंच जांभळट असतात. ओला झालेला दगड कोरड्यापेक्षा गडद, पण त्यावर आभाळ दिसतं म्हणून मधूनच एकदम फिका, हा फरक दाखवला की पाणी वेगळं काढायची गरजच राहत नाही, पायरी ओली आहे हे कळतं. नदीचा हिरवा मी अल्ट्रामरीन आणि मातकट पिवळ्या यलो ऑकरनी करते, तयार हिरवा पेटीत ठेवतच नाही. एकूण सात ट्यूबा, त्यातली टायटॅनियम व्हाईट मोठी, बाकी छोट्या.

आधी गडद भाग सगळे एकदम मांडून घ्या आणि सावल्यांच्या कडा ठरवून टाका. घाटावर पायऱ्या असल्यामुळे ऊन सरकलं की सावलीचं अख्खं जिन्यासारखं नक्षीकाम बदलतं, अर्ध्या तासात ओळखू येत नाही. सूर्याच्या मागे धावायचं नाही, पहिल्या दहा मिनिटांत मांडलंय ते खरं धरून चालायचं.

एक मावशी माझ्या डावीकडे धुणं धूत होत्या, त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. शेवटी चादर पिळताना म्हणाल्या, "ताई, काय काढताय वो एवढंसं?" मी बोर्ड फिरवून दाखवला. त्यांनी ओले हात पदराला पुसून, अगदी जवळ येऊन बघितलं, स्वतःला ओळखलं, आणि म्हणाल्या, "बादली कुठाय माझी?" बादली मी खरंच काढली नव्हती, रचनेत आड येत होती म्हणून. त्या म्हणाल्या, "बादलीबिगर कुणी येतंय व्हय नदीवर?" मला ते पटलं. निळी प्लास्टिकची बादली, एक फटकारा अंगाचा, एक कडेचा, आणि खालच्या ओल्या पायरीवर तिचं निळं उतरलेलं, इतकंच. आता त्या बोर्डात नजर पहिली तिथेच जाते. घाटावरची माणसं चित्राबद्दल जे बोलतात ते ऐकून घ्या, तिथे काय कशासाठी आहे हे त्यांना माहीत असतं.

फोटो आणि चित्र यात लोक फरक करतात हेही लक्षात ठेवा. मोबाईल रोखला की बायका वळून बसतात, ते बरोबरच आहे, आंघोळीची-धुण्याची जागा आहे ती. ब्रश घेऊन तासभर एका जागी बसलेल्या माणसाची सवय होते. तरी आंघोळ करणाऱ्यांच्या समोर बसू नका, बाजूला बसा, आणि बसायच्या आधी विचारा. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव असतो, एकेक घाटाचा वेगळा, तेव्हा मांडव, पंगती, सगळा रंग असतो पण बसायला कोपराही मिळत नाही. त्या दिवसांत गेलात तर पेन्सिल आणि वही न्या, पेटी नको.

मेणवली वाईहून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे मेणेश्वराचं देऊळ आणि घाट, आणि घाटावरच ती मोठी घंटा, चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर तिकडून आणलेली, तिच्यावर १७०७ साल आहे आणि येशूला घेतलेली मेरी आहे. शूटिंगमुळे हा घाट सगळ्यांना तोंडपाठ झालाय, आणि नेमकं तेच चित्र काढायचा मोह होतो, पूर्ण घाट, देऊळ, झाड, प्रतिबिंब. ६ बाय ८ मध्ये ते मावत नाही. मावतो तो एक तुकडा, आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा म्हशी पाण्याला घेऊन आले होते आणि काठी टेकून उभे होते, म्हशी पाण्यात बसल्या म्हणजे वीसेक मिनिटं तरी हलत नाहीत, यापेक्षा चांगलं मॉडेल नाही. दुपारी ऊन टळटळीत झालं की वाड्याच्या चौकात जा, रीतसर परवानगी आणि जे काही तिकीट असेल ते घेऊन, आत जुन्या लाकडावर चौकातून खाली परतून आलेला उजेड असतो, तो दुपारभर फारसा बदलत नाही त्यामुळे निवांत काम होतं. फक्त आत ऑईलचा पसारा मांडू नका, एक छोटी पेटी मांडीवर, खाली जुनं कापड, आणि जमिनीला एक थेंब लागता कामा नये.

परतताना चालत आलो ते बरं झालं. फेब्रुवारी होता आणि एका अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. मला वाटायचं हळद म्हणजे झगझगीत पिवळा, कॅडमियम यलो. जवळून बघितलं तर वाळत घातलेलं हळकुंड मातकट, ऑकर आणि बर्न्ट सिएनाच्या मधलं, आणि मोडलेल्या तोंडाशी मात्र आत पेटलेलं केशरी. घरातल्या काकूंनी दोन-तीन हळकुंडं मोडून दाखवली, नाही म्हटलं तरी चहा केला, आणि मी चित्र काढत असताना त्या दर थोड्या वेळानी फावड्यानं रास परतत राहिल्या त्यामुळे रंग सारखा बदलत होता, मग मी रास सोडली आणि फावडं मारणारा हातच काढला. त्या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता बोर्ड तो आहे.

आता सामानाचं. टर्पेंटाइन नेऊ नका. ज्वलनशील असतं, एसटीत काय आणि विमानात काय, न्यायचंच नसतं, शिवाय दिवसभर वास. मी ब्रश जवसाच्या तेलात खळबळून कापडाला पुसते आणि रात्री लॉजवर साध्या साबणानं धुते, काम भागतं. पण ती तेलाची कापडं चुरगाळून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, चुरगाळलेल्या कापडात ती उष्णता अडकली की आपोआप पेट घेऊ शकतं, हे खरंच होतं. पसरून वाळवा नाहीतर झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. आणि नदीत काहीही, अगदी काहीही, टाकायचं नाही. पॅलेटवरचा उरलेला रंग कागदात गुंडाळून परत आणायचा.

बोर्ड मी सुताराकडून उरलेल्या एमडीएफचे कापून घेते, चार एमएमचे, कडांसकट गेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, शेवटच्या हातात थोडी बर्न्ट सिएना मिसळून, म्हणजे उन्हात पांढऱ्याची चमक डोळ्यावर येत नाही. पेटीही सुतारानं केलेली, झाकण उघडलं की बोर्ड अडकवायची खाच, खाली पॅलेट, झाकणात ओले बोर्ड सरकवायला पट्ट्या. विकत मिळतात त्या उत्तम असतात पण महाग. छत्री न्यायची तर काळी किंवा करडी, लाल-निळी नको, तिचा रंग बोर्डावर पडतो, आणि शर्ट-कुर्ताही मळकट रंगाचा घाला त्याच कारणानं, माझ्या मैत्रिणीचा केशरी कुर्ता बोर्डावर इतका पडत होता की तो केशरीपणा मारायच्या नादात तिचा सगळा पांढरा गार निळ्याकडे जायला लागला, मग तिनं वरून माझी जुनी करडी ओढणी घेतली.

बोर्डाच्या मागे तारीख, वेळ, जागा, वारा, आणि समोर कोण काय करत होतं ते लिहून ठेवा. इंग्लंडचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला नुसत्या आभाळाचे ऑईल स्केच करायचा आणि मागे वेळ-वारा लिहायचा, तेसुद्धा रंगाच्या ट्यूबा निघायच्या आधी, डुकराच्या मूत्राशयात भरलेला रंग सुईनं भोक पाडून काढायच्या काळात. ट्यूब १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या चित्रकारानं काढली. आपल्याला पिशवीत सात ट्यूबा टाकून एसटीत बसता येतं ही फार मोठी सोय आहे, ती वापरली पाहिजे.

वेळ असेल तर परतीला साताऱ्यावरून औंधला जाऊन या. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं म्युझियम आहे, ते स्वतः चित्रकार होते, रविवर्मा, धुरंधर आणि आणखी पुष्कळ मोठी मंडळी तिथे एका टेकडीवर आहेत. उघडं आहे का ते आधी विचारून घ्या. चार दिवस स्वतः रंग कालवून झाल्यावर तिथली तैलचित्रं बघायला गेलं की नुसतं चित्र दिसत नाही, सावलीत काय घातलंय ते दिसायला लागतं.

राहायला वाईत स्टँडजवळ साधे लॉज आहेत, खोली घेताना एकच बघा, खिडकी उघडते ना. ओले बोर्ड पेटीत जागा पुरली नाही तर समोरासमोर ठेवून चारी कोपऱ्यांत काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे घालायचे आणि बाहेरून रबर लावायचं, काडीच्या खुणा घरी येऊन ब्रशनं मिटतात. मातीचे रंग तीन-चार दिवसांत हाताला कोरडे लागतात, टायटॅनियम जाड लावला असेल तर दहा-बारा दिवस धरा. कपाटात ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळट पडतं, उजेड येईल अशा भिंतीला टेकवून ठेवा. वार्निश सहा महिन्यांनी.