पोत

साडी घ्यायला आलेलं जुनं गिऱ्हाईक रंगावर बोलण्याआधी पदराचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून बघतं. रंग डोळ्यांना कळतो, पोत बोटांना. हा शब्द आपण मुख्यतः कापडापुरता ठेवला, कारण घराचा पोत वेगळा सांगायची कधी वेळच आली नाही. सारवलेल्या जमिनीवर हाताचे अर्धगोल फराटे असायचे, मातीच्या भिंतीत भुशाची काडी चमकायची, खुंटीला सूप आणि दांडीवर घोंगडी. आताच्या फ्लॅटात खाली व्हिट्रिफाइड फरशी, भिंतीला प्लास्टिक इमल्शन, कपाटांना सनमायका, मधे काच आणि स्टील. सगळं एका फडक्यात पुसून होतं, हे सुख कुणी नाकारणार नाही. पण हाताला सगळीकडे एकच स्पर्श लागतो. घर लावून झालं तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं ते बहुधा यामुळेच. मग आणखी एक शोपीस येतं, आणि तेही गुळगुळीतच.

खर्चाला हात घालण्याआधी दिवा हलवून बघावा. पोत म्हणजे बारीक उंचवटे आणि त्यांच्या सावल्या, दुसरं काही नाही. समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट उजेड सरळ अंगावर फेकते, त्यामुळे सावलीला जागाच उरत नाही. रात्री सगळे दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून लावा, म्हणजे उजेड भिंतीवरून घासत जाईल. सपाट वाटणाऱ्या त्या भिंतीवर रोलरचे दाणे, पुट्टीचे ओघळ, बुजवलेल्या खिळ्याची जागा, सगळं उमटतं. तिरक्या उजेडाची ही ताकद. लटकवलेल्या गोधडीच्या किंवा चटईच्या बाजूला, भिंतीपासून सहा-आठ इंचांवर एक दिवा ठेवला आणि त्यात 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब लावला, तर निम्मं काम तिथेच होतं. कोऱ्या भिंतीशी मात्र हा प्रयोग नको. रंगाऱ्याची सगळी लबाडी रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर येते.

गोधडीइतका पोत दुसऱ्या कशात नाही, आणि सामान घरातच असतं. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास भरते. पाच फुटांवर घड्या घातल्या की तीन पदर होतात आणि गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, तीनेक फुटांचा तुकडा उरतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, पावणेचार फूट. म्हणजे एका जुन्या सुती साडीतून सोफ्याच्या पाठीवर टाकायची गोधडी निघते. पदर जमिनीवर पसरून मधून कडांकडे हाताने सारखे करायचे आणि वीतवीत अंतरावर लांब कच्चे टाके घालायचे. हाच टप्पा लोक गाळतात. मग कडेकडून आत शिवत येताना प्रत्येक ओळ कापड थोडं पुढे ढकलते आणि शेवटी मध्यावर फुगा उभा राहतो. तो इस्त्रीने बसत नाही, उसवावंच लागतं. धावदोरा पाव इंचाचा, दोन ओळींत अर्धा-पाऊण इंच. दोरा ओढून घट्ट केला तर कड द्रोणासारखी वळते, म्हणून दर वीतभर शिवणीनंतर कापड दोन्ही हातांनी हलकेच ताणून दोरा सैल करायचा. कोरं कापड मिसळायचंच असेल तर आधी धुऊन आटवून घ्यावं. नाहीतर पहिल्या धुण्यात तेवढाच थर आखडतो आणि उरलेले चुरगळून बसतात. नायलॉनची साडी आत घालण्याचा मोह टाळावा, कारण ती दोन सुती पदरांमध्ये सरकत राहते.

मशीनवर हे काम तासाभरात होतं, पण निकाल फिका. हाताचा टाका एक आड एक दबतो, त्याच्या अधेमधे कापड श्वास घेतल्यासारखं फुगतं, आणि कुठलीच ओळ अगदी सरळ नसते. मशीनचा टाका सलग दाबत जातो. भिंतीवर लावायची असेल तर कोपऱ्यांना खिळे ठोकू नयेत, मध्यभागी झोळ येतो. मागच्या बाजूने वरच्या कडेला तीन इंचांचा नेफा शिवून त्यात लाकडी काठी सारावी, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं.

खणाची गंमत वेगळी. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हा कपडा मुळात चोळीचा, म्हणून पन्हा अरुंद, 30 ते 32 इंच. ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे आणि बाणा म्हणजे आडवे दुसऱ्या, त्यामुळे बघण्याची बाजू बदलली की रंग बदलतो. 16 इंची उशीच्या अभ्र्याला पुढचा तुकडा 17 बाय 17 लागतो आणि पाठीला एकमेकांवर चढणारे 12 बाय 17 चे दोन. 17 आणि 12 मिळून 29, म्हणजे पन्ह्यात पुढचा आणि पाठीचा एक शेजारीशेजारी बसतात, वाया जाते ती चिंधी. दीड मीटरात दोन अभ्रे आरामात होतात. आत उशी मात्र 18 इंची भरावी. मापाची भरली तर महिन्याभरात कोपरे कुत्र्याच्या कानांसारखे लोंबतात.

भिंतीच्या बाबतीत एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. विटांचा भास देणारे फोमचे चिकटपट्टीवाले तुकडे हल्ली सगळीकडे दिसतात. डोळ्यांना वीट, बोटांना इडली. पावसाळ्यात कडा सुटतात आणि काढताना रंगाचे पापुद्रे घेऊन निघतात. त्यापेक्षा एकच भिंत खरोखर खरबरीत करावी. आधी ओल तपासायची. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीला बंद करायचा आणि दोन दिवसांनी बघायचा. आतल्या बाजूला पाण्याचे कण दिसले तर तो बेत रद्द, आधी गळती शोधा. भिंत कोरडी निघाली तर जाड दाण्याचं तयार टेक्स्चर मटेरियल वापरावं. साधी सिमेंटची पुट्टी जाड थापली की तडकते, कारण वरचा थर आधी सुकून आखडतो आणि आतला ओलाच राहतो. एकाने थापीने तीन फुटांचा पट्टा लावायचा, दुसऱ्याने लगेच मागोमाग दातेरी पट्टी एका दमात वरून खाली ओढायची. चहासाठी थांबायचं तर कोपऱ्यावर पोचून. भिंतीच्या मध्यात थांबलात की सांधा कायमचा दिसतो. रेघा उभ्याच ठेवाव्यात, आडव्यांवर धूळ बसते.

जमिनीला ताग शोभतो, पण त्याला पाणी सोसत नाही. ओला झाला की पिवळे डाग पडतात आणि आषाढात कुबट वास सुटतो. म्हणून दाराशी काथ्या, ताग आतल्या खोलीत. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी दिवाणावर उत्तम, मात्र ती टोचते आणि नवी असताना कडक लागते, कारण विणण्याआधी सुताला चिंचोक्यांची खळ दिलेली असते. वॉशिंग मशीनमध्ये ती कधीही टाकू नये, गरम पाण्यात घुसळली की लोकर जमून अर्धी होते. उन्हात टाकून झटकणं पुरतं. कसरीसाठी कडुलिंबाचा सुका पाला घडीत ठेवावा.

बुरडाकडची रोवळी, दुरडी घेताना ती पांढऱ्या कागदावर आपटून बघा. पिठूळ भुगा पडला तर आत कीड आहे, दुसरी मागा. आणल्यावर तीन कडक उन्हं द्यावीत आणि मग जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. तेलाचं फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून फडकं पेटू शकतं. दांडीवर पसरून वाळवा.

एवढं सगळं एकाच खोलीत नकोच. तीन खरबरीत गोष्टी आणि बाकी सपाट, इतकं प्रमाण पुरतं, नाहीतर हस्तकला मेळाव्याचा मांडव होतो. तिसरी गोष्ट निवडायची झाली तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचं मठारकाम केलेलं घंगाळ बघावं. हातोडीचे ठोके पत्रा कडकही करतात आणि त्यावर शेकडो उथळ खळगेही सोडतात. प्रत्येक खळग्यात खिडकी वेगळी दिसते. काळवंडलं तर लिंबाची फोड मिठात बुडवून घासा आणि लगेच धुऊन कोरडं करा, कारण खळग्यात आंबट ओल राहिली की हिरवा कळंक धरतो. वर लॅकर मारलेलं असेल तर लिंबू लावूच नका, कोरडं फडकं पुरे.