आवारातली तूर आणि समतुल्य एकके

लातूरच्या एका डाळमिलचे हिशेब मी पाहू लागलो, त्या वर्षी ३१ मार्चला आवारात तेल लावलेली तूर वाळत पसरली होती. मुकादमांनी एक दाणा चिमटीत धरून चोळला. टरफल हलले, पण सुटले नाही. ‘अजून दोन उन्हं द्यावी लागतील, साहेब,’ ते म्हणाले. प्रक्रिया परिव्ययातला, म्हणजे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या कामाचा खर्च एककावार काढण्याच्या हिशेबातला, अवघड प्रश्न नेमका त्या दाण्यापाशी उभा राहतो, कारण तो धड तूर राहिलेला नसतो आणि त्याची डाळही झालेली नसते.

सोयीचे आकडे घेऊ. टरफल आणि चुनीत वजन घटते, म्हणून एकक धरू मिलमध्ये घातलेल्या तुरीचे क्विंटल. महिन्याच्या आरंभी १०० क्विंटल माल अर्धवट होता, ९०० क्विंटल नव्याने घातला, ८०० क्विंटलचे काम पुरे झाले आणि २०० क्विंटल आवारात उरला. आरंभीच्या आणि अखेरच्या अर्धवट मालावर रूपांतराचे, म्हणजे मजुरी, वीज आणि इतर कारखाना खर्चाचे, ४० टक्के काम झालेले आहे. समतुल्य एकके म्हणजे अर्धवट कामाचे पूर्ण एककांत केलेले मोजमाप. तूर मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण पडते, त्यामुळे सरासरी पद्धतीने, म्हणजे आरंभीचा आणि या महिन्याचा खर्च एकत्र धरून, कच्च्या मालाची समतुल्य एकके १,००० होतात आणि रूपांतराची ८०० अधिक ८०, म्हणजे ८८०.

आरंभीच्या मालातले १०,००० आणि या महिन्याचे १,६६,००० मिळून रूपांतर खर्च १,७६,००० रुपये असेल, तर दर एककाला २०० रुपये येतो. हाच खर्च सरसकट १,००० ने भागला की दर १७६ वर उतरतो आणि तयार डाळीवरचे १९,२०० रुपये वाळवणावरच्या तुरीच्या नावावर चढतात. ही चूक मी अनेक वह्यांत पाहिली आहे, आणि शिल्लक माल वाजवीपेक्षा महाग दिसून तिने नफा फुगतो म्हणून ती मला गंभीर वाटते.

हे ४० टक्के दिवस मोजून ठरवू नयेत. पाच दिवसांच्या कामातले तीन दिवस सरले म्हणजे ६० टक्के खर्च झाला असे होत नाही. ऊन फुकट असते, तर टरफल काढणे, भरडणे आणि पॉलिश यांची वीज पुढेच लागते. डाळ भरायची पोती शेवटी येतात, म्हणून आवारातल्या मालाला पोत्यांचे एकही समतुल्य एकक धरायचे नाही. लावून झालेले तेल मात्र पूर्ण धरायचे.

आरंभीची तूर ७,५०० रुपये आणि नवी ७,००० रुपये क्विंटल असेल, तर सरासरी दर ७,०५० निघतो. तयार माल ५८,००,००० आणि शिल्लक १४,२६,००० मिळून ७२,२६,००० चा ताळा बसतो. फिफो पद्धतीत, म्हणजे आधी आलेला माल आधी पुरा झाला असे धरून, मात्र आरंभीच्या मालाचे आधीच झालेले काम वजा होते. रूपांतराची एकके ८४० उरतात, दर सुमारे १९७ रुपये ६२ पैसे येतो आणि तुरीचा दर ७,००० च राहतो. तुरीचा भाव आमच्या बाजारात सतत हलत असल्याने या महिन्याचे काम स्वस्तात झाले की महागात, हे फिफोतच स्वच्छ दिसते, म्हणून मी तीच पद्धत सुचवतो. टक्का मात्र मी अजूनही मुकादमांसोबत आवारात उभा राहून, दाणा चोळूनच लिहितो.