तुम्ही विचारलंत म्हणून: टॉम अँड जेरीतली ती बाई

‘जुन्या टॉम अँड जेरीत झाडू घेऊन टॉमच्या मागे लागणारी काळी बाई होती ना? मग ती कधी गोरी कशी दिसते?’ असं बरेच जण विचारतात. तुमची आठवण चुकलेली नाही. एकाच भागाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या फिरत असतात.

ही बाई १९४० ते १९५२ मधल्या भागांत येते. चेहरा जवळजवळ दिसतच नाही. दिसतात एप्रन, जाड पाय आणि सपाता. आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा, पण श्रेयनामावलीत तिचं नाव नसे. काळ्या मोलकरणीचा ठरीव साचा म्हणून या पात्रावर त्या काळातच टीका झाली. साठच्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई काढली आणि जून फोरेचा आयरिश ढंगाचा आवाज घातला. नव्वदच्या दशकात चित्र मूळचंच ठेवून थिया व्हिडेलकडून संवाद नव्याने बोलवून घेतले.

‘सॅटर्डे इव्हिनिंग पुस’ (१९५०) पाहा. मूळ भागात ही बाई नटूनथटून, दागिने घालून ब्रिज खेळायला जाते. मोलकरणीच्या साच्यातून तिला जरा बाहेर काढणारा हा दुर्मीळ प्रसंग. बदललेल्या आवृत्तीत तिथे एक गोरी तरुणी आहे. अपमान पुसायला गेले आणि माणूसच पुसून टाकला, हे मला मूळ चुकीपेक्षाही जास्त खटकतं.

काटछाट कानांनी ओळखता येते. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत पावलागणिक बेतलेलं असे. मधला तुकडा कापला की सूर एकदम उडी मारतो. बहुतेक वेळा तिथे स्फोटानंतर काळं पडलेलं तोंड असतं. ‘माउस क्लीनिंग’च्या (१९४८) शेवटी कोळशाने माखलेला टॉम कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करतो. त्याचं समर्थन होऊच शकत नाही.

मुलांना दाखवणार असाल तर भाग आधी स्वतः पाहून घ्या. असा प्रसंग आला की तिथेच थांबवा आणि सरळ सांगा: अमेरिकेत गोरे नट जळक्या बुचाने तोंड काळं करून रंगमंचावर काळ्या लोकांची टर उडवायचे, हा विनोद तिथून आलाय. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एवढं सहज कळतं.