तिच्या फॉर्ममधली वयं

पाहणीचे भरलेले फॉर्म संगणकावर चढण्याआधी त्यांची छाननी करणं हे माझं काम. लोक आकडे कसे सांगतात ते तिथे बसून कळतं. वयाचंच घ्या. विचारलं की माणूस चाळीस म्हणतो, पंचेचाळीस म्हणतो; एक्केचाळीस क्वचितच. हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे. 23 ते 62 वयाच्या लोकांपैकी किती जणांचं वय शून्य किंवा पाचने संपतं ते मोजायचं, त्याला पाचने गुणायचं, त्या वयोगटातल्या एकूण माणसांनी भागायचं आणि शंभरने गुणायचं. 100 आलं तर ठीक. 500 आलं तर सगळेच पाचाच्या पाढ्यात बोलले.

त्या दिवशी प्रगणकवार निर्देशांक काढले. बाकीच्यांचे शंभराच्या बरेच वर, एकीचा मात्र शंभराला टेकलेला. वरिष्ठांनी लगेच निदान केलं, "घरी बसून भरलेत."

शंका गैर नव्हती. खऱ्या माहितीत जो गबाळेपणा असतो तो मुद्दाम आणणं अवघड, त्यामुळे बनावट फॉर्म पुष्कळदा नीटनेटकेपणामुळेच सापडतात. पण हिच्या गठ्ठ्यात भरपूर खाडाखोड होती. एका रकान्यात 40 खोडून 43 केलेलं आणि कडेला बारीक अक्षरात, "लग्न 18 व्या वर्षी. थोरली दोन वर्षांनी, पुराच्या साली. पुराला 23 वर्षं." खोटं लिहिणारा एवढी उठाठेव कशाला करेल?

फेरतपासणीला मीच गेलो. घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. सोयीची घरं निवडली तर तपासणीचाही नमुना एकांगी होतो. माणसं होती, तिला ओळखतही होती. एका आजींनी तर तक्रारच केली, "ती पोरगी फार खोदून विचारते हो!"

मग तिलाच विचारलं. तिने वहीच्या पानावर यादी केली होती: पूर, दुष्काळ, निवडणुका, रस्ता झाला ते साल. सांगितलेलं वय ती या घटनांशी ताडून पाहायची. काही जनगणनांमध्ये हीच रीत रीतसर वापरतात. आमच्या प्रशिक्षण पुस्तिकेतही या रीतीवर एक पान होतं. ते बाकी कुणी उघडलेलं दिसत नव्हतं.

प्रश्न उरला बाकीच्या फॉर्मांचा. 30 ते 34 असा गट केला, तर 28-29 चे लोकही तीस सांगून त्यात घुसलेले असतात. म्हणून लाडका आकडा मधोमध येईल असे, म्हणजे 28 ते 32, 33 ते 37 असे गट करायचं ठरलं. डागडुजीच ती.

पैसे फॉर्ममागे मिळायचे, आणि तिचे फॉर्म इतरांपेक्षा बरेच कमी भरत. पुढच्या फेरीत सगळ्यांनी घटनांची यादी वापरावी असा आदेश तेवढा लगोलग निघाला. फॉर्ममागचा दर वाढवण्याची फाइल लेखा विभागात गेली, ती अजून तिथेच आहे.